पराभवानंतरची मुलाखत : प्रश्नाची भाषा आणि उत्तराची मालकी

क्रीडा वार्तांकन हा विषय साहित्याच्या अभ्यासात सहसा येत नाही. आला तरी तो ललित लेखांच्या वाटेने येतो. एखाद्या खेळाडूचे व्यक्तिचित्र किंवा गाजलेल्या सामन्याच्या आठवणी, एवढ्यावर आपले काम भागते. पण मैदानाच्या कडेला उभे राहून नुकत्याच हरलेल्या खेळाडूला बातमीदार जे चार प्रश्न विचारतो, ते प्रश्न आणि त्यांची छापून आलेली उत्तरे हाही भाषेचाच व्यवहार आहे. त्यात दोन माणसे आहेत, त्यांचे नाते असमान आहे, एकाचा गळा दाटून आलेला आहे आणि दुसऱ्याला घाई आहे. शब्दांचे वजन कळण्यासाठी याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही. प्रस्तुत लेखात या मुलाखतीचा विचार भाषेच्या अंगाने केला आहे. पत्रकारितेचे विद्यार्थी, मराठीचे शिक्षक आणि गावोगावी बातम्या पाठवणारे लेखक अशा तिघांनाही तो उपयोगी पडावा, असा हेतू आहे.

हा विचार बालाघाटसारख्या जिल्ह्यातून करण्याला वेगळे कारण आहे. राजेगाव बाघ नदीकाठी आहे आणि नदीपलीकडे गोंदिया जिल्हा लागतो. १९५६पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात बालाघाट होता. राज्ये बदलली, पण नातीगोती आणि मैदाने नदी ओलांडतच राहिली. इकडच्या कबड्डीच्या संघात घरी पोवारी, शाळेत हिंदी आणि आजोळी मराठी बोलणारी मुले एकत्र खेळतात. हरल्यावर खेळाडूच्या तोंडून जे निघते, ते यांपैकी कोणत्याही भाषेत असू शकते. छापले जाते ते मात्र एकाच भाषेत. या प्रवासात काय हरवते आणि काय नकळत मिसळते, हा प्रश्न सीमेवर जरा जास्तच टोचतो.

चार प्रसंग

आधी काही परिचित प्रसंग समोर ठेवू.

पहिला, १३ मार्च १९९६चा. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना. श्रीलंकेच्या ८ बाद २५१ धावांचा पाठलाग करताना सचिन तेंडुलकर ६५ धावांवर यष्टिचीत झाले तेव्हा भारताच्या ९८ धावा होत्या. पाहता पाहता धावफलक ८ बाद १२० झाला. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, गॅलरीत जाळपोळ केली. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉईड यांनी सामना थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित केले. १० धावांवर नाबाद असलेले विनोद कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आले. ते तेव्हा २४ वर्षांचे होते. त्या क्षणी ते कोणाशी काही बोलले नव्हते. बोलले ते चित्र. पुढे कित्येक वर्षे त्यांची खेळी बाजूला राहिली आणि त्या अश्रूंबद्दलच त्यांना विचारले जात राहिले. एका खेळाडूची ओळख त्याच्या एका क्षणाला बांधली गेली की काय होते, हे दाखवणारा हा प्रसंग आहे.

दुसरा, बर्मिंगहॅमचा. ६ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये बीड जिल्ह्यातले अविनाश साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरे आले. केनियाचे अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पहिले. अंतर ०.०५ सेकंद. साबळे यांची वेळ हा नवा राष्ट्रीय विक्रम होता. आता या घटनेला रौप्य जिंकले म्हणायचे की सुवर्ण हुकले? दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण बातमीदार यांपैकी कोणते वाक्य मनात धरून खेळाडूसमोर जातो, त्यावर त्याचा पहिला प्रश्न ठरतो.

तिसरा प्रसंग आपल्याच राज्यातला. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर महिला विश्वचषकात भारत इंग्लंडकडून अवघ्या ४ धावांनी हरला. २८९ धावांचे लक्ष्य होते आणि सांगलीच्या स्मृती मानधना ८८ धावांवर बाद होईपर्यंत ते आवाक्यात दिसत होते. सामन्यानंतर मानधना पत्रकारांसमोर आल्या आणि पडझड आपल्यापासून सुरू झाली, आपली फटक्याची निवड चुकली, अशा आशयाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. कोणी ती त्यांच्या तोंडात घातली नव्हती.

चौथा प्रसंग अहिल्यानगरचा. २ फेब्रुवारी २०२५ रोजी महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे यांना पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्ध पराभूत घोषित करण्यात आले. आपली पाठ टेकलीच नव्हती, असा राक्षे यांचा आक्षेप होता. रागाच्या भरात त्यांनी पंचांना लाथ मारली. त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. भावना म्हणजे केवळ अश्रू नव्हेत, संतापही भावनाच असतो आणि त्याच्यासमोर माईक धरणे अधिक अवघड असते, हे या प्रसंगातून कळते.

मौन, निसटते यश, स्वतःहून घेतलेली जबाबदारी आणि संताप अशी ही चार रूपे आहेत. एकच ठरावीक प्रश्नपत्रिका चौघांपुढे ठेवता येणार नाही, एवढे यातून लगेच ध्यानात यावे.

'कसं वाटतंय?' आणि 'का?'

हरलेल्या खेळाडूला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'आता कसं वाटतंय?' वरवर तो सहानुभूतीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात माहिती मागितलेलीच नसते, कारण उत्तर समोर दिसत असते. डोळे लाल झालेल्या मुलीला कसं वाटतंय, हे विचारणाऱ्यालाही माहीत असते. म्हणजे या प्रश्नाला उत्तर नको असते, दृश्य हवे असते. मराठी वाचकाला त्यातून 'वाईट वाटतंय' याखेरीज काही मिळत नाही.

दुसरा प्रश्न 'का?'चा. 'शेवटच्या चढाईला तू डावीकडे का गेलीस?' मराठीत 'का' हा जाब विचारणारा शब्द आहे. शाळेत उशिरा आल्यावर, घरी दूध सांडल्यावर, कार्यालयात फाईल सापडेनाशी झाल्यावर आपण तो ऐकलेला असतो. त्यामुळे 'का' कानावर पडताच माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. तीच माहिती हवी असेल तर प्रश्न असा करता येतो : 'त्या चढाईला निघालीस तेव्हा समोर काय दिसत होतं?' आता खेळाडूला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर पडून साक्षीदाराच्या जागी उभे राहता येते. ती आठवू लागते : कोपरारक्षक पुढे सरकली होती, मधली जागा बंद झाली होती, घड्याळात थोडेच सेकंद उरले होते. बातमीला हवे असते ते हेच.

तिसरा प्रकार शेपटीच्या प्रश्नांचा : 'शेवटी दम कमी पडला ना?', 'दडपण आलं असेल ना?' या 'ना'मध्ये उत्तर आधीच भरलेले असते. थकलेला माणूस वाद घालत नाही, मान हलवतो. त्याची मान हलली की बातमीदाराचे मत त्याचे कबुलीजबाब बनते.

चौथा प्रकार दुखऱ्या जागेवर पुन्हा पुन्हा बोट ठेवण्याचा. २०१४च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकी स्कीपटू बोडी मिलर यांनी कांस्यपदक मिळवले. आदल्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ वारला होता. दूरचित्रवाणीच्या वार्ताहर क्रिस्टिन कूपर यांनी भावाचा विषय एकदा काढला, उत्तर मिळाले. पुन्हा काढला, मिलर गहिवरले. तिसऱ्यांदा काढला आणि मिलर यांच्याने बोलवेना. कॅमेरा चालूच राहिला. प्रेक्षकांकडून वाहिनीवर मोठी टीका झाली. मिलर यांनी मात्र कूपर यांची बाजू घेतली. त्यांचा हेतू दुखावण्याचा नव्हता, असे त्यांचे म्हणणे पडले. या प्रसंगावरून प्रश्न विचारणारी व्यक्ती दुष्ट होती असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. पहिला प्रश्न योग्यच होता. चूक होती ती मिळालेले उत्तर पुरेसे न मानण्यात. प्रश्न विचारण्याइतकेच तो थांबवणेही कसब आहे.

मोकळा प्रश्न आणि थोडा धीर यांतून काय मिळू शकते, याचीही उदाहरणे आहेत. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिने रिलेत चौथा क्रमांक आल्यावर आपली मासिक पाळी सुरू असल्याचे कॅमेऱ्यासमोर सहज सांगितले. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानू एकूण १९९ किलो वजन उचलून चौथ्या आल्या. कांस्यपदक १ किलोने गेले. त्यांनीही पाळीचा तिसरा दिवस असल्याचे पत्रकारांना सांगितले. ज्या विषयावर क्रीडा पानाने कधी तोंड उघडले नव्हते, तो पराभवानंतरच्या दोन मिनिटांत बोलला गेला. 'दडपण आलं ना?' असे विचारून हे कधीच कळले नसते.

'सुटला' आणि 'सोडला'

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मराठी क्रियापदांत जोड्या आहेत : सुटणे–सोडणे, हुकणे–हुकवणे, पडणे–पाडणे, बुडणे–बुडवणे, फुटणे–फोडणे. पहिल्या रूपात क्रिया घडते. दुसऱ्यात ती कोणीतरी करतो. व्याकरणाच्या तासाला आपण अकर्मक आणि सकर्मक म्हणून त्या शिकवतो आणि पुढे जातो. मैदानावर मात्र या जोडीत दोषाची वाटणी होते.

समजा, एका खेळाडूच्या हातून झेल गेला. मराठीत ती हे किमान चार प्रकारे सांगू शकते :

झेल सुटला.
माझ्याकडून झेल सुटला.
मला झेल घेता आला नाही.
मी झेल सोडला.

पहिल्या वाक्यात फक्त घटना आहे. दुसऱ्यात 'माझ्याकडून' आले. संबंध मान्य केला, हेतू नाकारला. तिसऱ्यात क्षमतेची मर्यादा सांगितली; प्रयत्न केला होता हे त्यात गृहीत आहे. चौथ्यात पूर्ण कर्तेपण स्वीकारले. एखादी खेळाडू पहिल्या पायरीवरून चौथीपर्यंत यायला रात्र घेते, कोणी वर्षभर घेते, कोणी येतच नाही. तो तिचा स्वतःचा प्रवास आहे. 'माझ्याकडून सुटला' असे तिने सांगितल्यावर '"मी झेल सोडला," अशी कबुली तिने दिली' असे छापणे म्हणजे तो प्रवास तिच्या वतीने उरकून टाकणे होय. मजकुरात एक शब्द बदललेला असतो. गावात मात्र 'हिनेच हरवलं' असा त्याचा अर्थ होतो.

इंदूरचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहावा. मानधना यांनी जबाबदारी घेतली तेव्हा त्या थेट चौथ्या पायरीवर उभ्या होत्या. त्या वाक्याला वजन आले ते ते त्यांचे स्वतःचे होते म्हणून. उपकर्णधार, अनुभवी आणि शंभराहून अधिक एकदिवसीय सामने खेळलेल्या व्यक्तीला तशी जागा घेता येते. तेच वाक्य एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीच्या नावावर, तिने न म्हणता, जिल्हा पानात आले तर त्याचा अर्थ पूर्ण वेगळा होतो. मोठ्या खेळाडूला दुसऱ्या दिवशी खुलासा करता येतो. लहान गावातल्या मुलीचे नाव वर्तमानपत्रात कदाचित एकदाच येते आणि ते कात्रण घरात वर्षानुवर्षे राहते.

'हुकणे'ही असाच शब्द आहे. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत चौथ्या आल्या आणि कांस्यपदक ०.०१ सेकंदाने गेले. 'पदक हुकले' म्हणताना आपण नकळत पदक हे त्यांच्या मालकीचे होते आणि निसटले असे सुचवतो. 'चौथ्या आल्या' या वाक्यात जगातल्या चार जणींत त्या होत्या हे दिसते. दोन्ही वाक्यांना जागा आहे. फक्त एकाच वाक्याची सवय लागू नये.

सीमाभागात आणखी एक घोळ होतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा 'दम तुटला' म्हणजे 'कबड्डी कबड्डी' हा उच्चार खंडित झाला. खेळाच्या नियमांतली ती साधी घटना आहे. हिंदीत 'दम तोडना' म्हणजे प्राण सोडणे. घाईत हिंदी मजकुराचे मराठी करताना 'अंतिम क्षणी संघाने दम तोडला' असे वाक्य तयार होते आणि एका गुणाने हरलेला संघ बातमीत थेट मरतो.

'असे ती म्हणाली'

मराठीतील दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची पद्धत इंग्रजीहून वेगळी आहे. इंग्रजीत अप्रत्यक्ष कथनात सर्वनाम बदलते. ती थकली होती असे तिने सांगितले, अशी रचना होते. मराठीत आपण सर्रास लिहितो : 'ती म्हणाली, की मी फार थकले होते.' 'मी' जसाच्या तसा राहतो. याचा फायदा असा की बोलणाऱ्याचा आवाज वाक्यात टिकतो. धोका असा की बातमीदाराने स्वतःच्या शब्दांत केलेला सारांशही खेळाडूचे शब्दशः बोलणे वाटू लागतो. वाचकाला सीमारेषा दिसत नाही. म्हणून मराठीत लिहिणाऱ्यावर इंग्रजीत लिहिणाऱ्याहून अधिक जबाबदारी येते.

यासाठी एक साधा नियम पाळता येतो : प्रश्नातला शब्द उत्तराच्या अवतरणचिन्हांत जाऊ देऊ नये. बातमीदाराने विचारले, 'दडपण होतं का?' खेळाडू म्हणाली, 'हं.' यावरून '"दडपणामुळे हरले," असे तिने सांगितले' हे वाक्य होत नाही. 'दडपण' हा शब्द बातमीदाराचा आहे, 'मुळे' हा कार्यकारणभावही त्याचाच. शिवाय मराठीतला 'हं' म्हणजे होकारच असे नाही; 'ऐकते आहे' एवढाही त्याचा अर्थ असतो. अशा वेळी 'दडपणाबद्दल विचारले असता ती फारसे बोलली नाही' हे वाक्य कमी चटकदार, पण खरे ठरते.

बोलीचा प्रश्न यालाच जोडून येतो. 'मले काही समजलंच नाही' असे खेळाडू म्हणाली आणि छापून आले, 'निर्णायक क्षणी माझे डावपेच फसले.' 'समजलंच नाही' यात गोंधळ आहे, वेग आहे, खरेपणा आहे. 'डावपेच फसले' यात क्रीडा पानाचा गुळगुळीतपणा आहे. बोली जशीच्या तशी छापावी का? सरसकट नाही. प्रमुख अतिथींचे बोलणे प्रमाण मराठीत आणि हरलेल्या मुलीचे तेवढे बोलीत असे छापले, तर ती बोली हसण्याचा विषय होते. दोघांना एकच माप लावावे. पर्याय असा : वाक्यरचना आणि आशय खेळाडूचा ठेवावा, उच्चार प्रमाण करावा, 'मला काही समजलंच नाही.' पोवारी किंवा हिंदीतून भाषांतर केले असेल तर तसे एका ओघात सांगावे. त्याला जागा लागत नाही आणि वाचकाची दिशाभूल टळते.

संबोधनाकडेही लक्ष हवे. आपल्या क्रीडा पानांची जुनी रीत अशी, की खेळाडू एकवचनी आणि पदाधिकारी आदरार्थी : 'ती रडली', 'अध्यक्ष म्हणाले'. छापील मजकुरात ही रीत रुळलेली आहे. पण समोरासमोर बोलताना अनोळखी खेळाडूला 'तू' म्हणण्याआधी क्षणभर थांबावे. शाळकरी मुलीला 'तू' आपुलकीचे वाटेल. पंचविशीतल्या पोलीस दलातल्या कुस्तीगीर महिलेला वाटेलच असे नाही. जिंकल्यावरचा 'तू' आणि हरल्यावरचा 'तू' यांतही फरक आहे. हरलेल्या माणसाला 'तुम्ही' म्हटल्याने त्याची गेलेली उंची थोडी परत मिळते.

गप्प राहण्याची मुभा

२०२१च्या फ्रेंच ओपनमध्ये नाओमी ओसाका यांनी मानसिक स्वास्थ्याचे कारण देऊन पत्रकार परिषदांना येणार नाही असे आधीच जाहीर केले. पहिली फेरी जिंकल्यावर त्या आल्या नाहीत. त्यांना १५,००० डॉलरचा दंड झाला, पुढील कारवाईचा इशारा मिळाला आणि ३१ मे रोजी त्यांनी स्पर्धेतून माघार घेतली. बोलणे हा खेळाडूच्या कामाचा भाग आहे की नाही, यावर जगभर चर्चा झाली. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. व्यावसायिक खेळ प्रेक्षकांवर चालतो, आणि केवळ संघटनेने दिलेली गोड निवेदने छापायची तर बातमीदाराची गरजच उरत नाही. ऑलिंपिकमध्येही खेळाडूंना पत्रकारांच्या समोरूनच बाहेर पडावे लागते. थांबायचे की पुढे जायचे हे मात्र त्यांच्या हाती असते.

पण हा करार व्यावसायिक खेळाडूंचा आहे. तालुका क्रीडा स्पर्धेत खेळणाऱ्या शाळकरी मुलाने तो केलेला नाही. तिथे आधी शिक्षकांना किंवा पालकांना विचारावे, मग मुलाला, आणि त्याने मान हलवून नकार दिला तर तोच निर्णय मानावा. व्यक्तिगत दुःखाच्या क्षणी छायाचित्रांतून घुसखोरी टाळावी, असे भारतीय पत्रकार परिषदेच्या आचारनियमांत सांगितलेले आहे. मैदान सार्वजनिक आहे हे खरे. मैदानामागच्या झाडाखाली तोंड लपवून बसलेला मुलगा सार्वजनिक नाही.

याचा अर्थ कठीण प्रश्न विचारूच नयेत असा नाही. येथे दुःख आणि कृती यांत भेद करावा. कांबळी रडले, ते दुःख होते. त्याचा जाब कोणी मागू नये. अहिल्यानगरमध्ये पंचांना लाथ बसली, ती कृती होती. तिच्याबद्दल विचारलेच पाहिजे. मात्र 'पाठ टेकली होती का?' हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. तो एकट्या मल्लाला विचारून सुटत नाही. पंच, प्रतिस्पर्धी, चित्रफीत आणि नियम या चारही ठिकाणी तो न्यावा लागतो. आणि 'लाथ मारणं योग्य होतं का?' हा प्रश्न श्वास जागेवर आल्यावर विचारला तरच त्याचे उत्तर मिळते. आधी विचारला तर आणखी एक उद्रेक मिळतो. उद्रेक हवा असणाऱ्यांसाठी तो सोयीचा असेल, वाचकाच्या ज्ञानात मात्र त्याने भर पडत नाही.

बातमीचे शब्द

मुलाखत संपली तरी काम संपत नाही. मराठी क्रीडा पानाची भाषा कुस्तीच्या आखाड्यातून आणि रणांगणातून आलेली आहे : धूळ चारली, अस्मान दाखवले, चारी मुंड्या चीत केले, पानिपत झाले, गाशा गुंडाळला. वि. वि. करमरकर यांनी मराठी दैनिकात खेळाला रोजचे मानाचे पान मिळवून दिले, बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवर मराठी धावत्या वर्णनाची वाट घडवली. त्या काळात या जोमदार शब्दांनी खेळ घराघरांत पोचवला, हे विसरता येणार नाही. प्रौढ, व्यावसायिक संघाच्या बाबतीत ते आजही शोभतात. चौदा वर्षांखालील मुलींच्या संघाचे 'पानिपत' करू नये, एवढेच.

भावनेच्या वर्णनातही ठोकळे आहेत : 'अश्रूंचा बांध फुटला', 'रडू कोसळले', 'भावनांना वाट मोकळी करून दिली'. प्रत्येक पराभवात बांध फुटत असेल तर वाचकाला कोणताच पराभव दिसत नाही. त्याऐवजी दिसले ते लिहावे. तिने गुडघ्याची पट्टी सोडली, पुन्हा बांधली. तो संघाच्या रांगेत सर्वांत शेवटी उभा राहिला. एवढ्याने काम होते. अश्रूंचा उल्लेख नसला तरी वाचकाला ते दिसतात.

वर्गासाठी सराव

पदवी वर्गात दोन तासांत हा पाठ घेता येईल. पुढील सराव त्यासाठी सुचवले आहेत. त्यांतील वाक्ये कल्पित आहेत.

१. पुढील प्रश्न 'का' आणि 'ना' टाळून पुन्हा लिहा : 'शेवटच्या फेरीत वेग का कमी झाला?' 'पंचांनी अन्याय केला ना?' 'तयारी कमी पडली असं वाटत नाही का?'

२. 'पकड सुटली' या घटनेची चार पायऱ्यांवरची चार वाक्ये करा. प्रत्येक वाक्य कोण, कधी, कोणासमोर बोलेल ते एका ओळीत लिहा.

३. विद्यार्थ्यांच्या जोड्या करा. एकाने नुकताच हरलेला खेळाडू व्हावे, दुसऱ्याने बातमीदार. तीन मिनिटे संवाद ध्वनिमुद्रित करा. मग बातमीदाराने शंभर शब्दांची बातमी लिहावी. शेवटी ध्वनिमुद्रण आणि बातमी समोरासमोर ठेवून अवतरणचिन्हांतला प्रत्येक शब्द कोणाचा, ते खुणेने दाखवा. खेळाडू झालेल्या विद्यार्थ्याला बातमी वाचून दाखवा आणि 'हे मी म्हणालो' की 'हे मी म्हणालो नाही' एवढेच विचारा.

४. ज्यांच्या घरी पोवारी, झाडीबोली, हिंदी किंवा गोंडी बोलली जाते, त्यांनी तिसरा सराव घरच्या भाषेत करावा आणि बातमी प्रमाण मराठीत लिहावी. भाषांतरात कोणता शब्द सुटला आणि कोणता सोडला, यावर चर्चा करावी.

तिसऱ्या सरावात खेळाडू होणाऱ्याची जागा प्रत्येकाने एकदा घ्यावी, असा आग्रह शिक्षकांनी धरावा. स्वतःच्या नावावर दुसऱ्याचे वाक्य वाचल्यावर जे कळते, ते व्याख्यानातून कळत नाही.

समारोप

२३ जुलै २०१७ रोजी लॉर्ड्सवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना भारत ९ धावांनी हरला. २२९च्या लक्ष्यासमोर ३ बाद १९१ वरून संघ २१९ वर संपला. मुंबईच्या पूनम राऊत यांनी ८६ धावा केल्या होत्या, मानधना शून्यावर बाद झाल्या होत्या. इंदूरच्या पराभवानंतर दोनच आठवड्यांनी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून तो चषक जिंकला. त्या संघात मानधना होत्या, राऊत नव्हत्या. एकीच्या वाट्याला पराभवानंतरचा विजय आला, दुसरीच्या वाट्याला तो मैदानावर आला नाही. म्हणून 'आजचा पराभव ही उद्याच्या विजयाची पायरी' हे वाक्यही बातमीदाराने खेळाडूला ऐकवू नये. ती पायरी आहे की नाही, हे त्या संध्याकाळी कोणालाच ठाऊक नसते. त्या संध्याकाळी बातमीदाराच्या हाती एवढेच असते : प्रश्न सरळ विचारणे, उत्तर पूर्ण ऐकणे, आणि ज्याचे शब्द त्याच्याच नावावर ठेवणे.

राजेगाव, जि. बालाघाट